लघुत्वदर्शक विशेषणे

मूळ विशेषणाच्या अर्थात लहानपणाची, कोवळेपणाची किंवा आपुलकीची छटा आणणारी साधित विशेषणे. लॅटिनमधील ‘पार्वुस’ (लहान) या विशेषणास लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘पार्वुलुस’ (चिमुकला) हे रूप सिद्ध होते. पुल्लिंगी पार्वुलुस, स्त्रीलिंगी पार्वुला व नपुंसकलिंगी पार्वुलुम ही त्याची प्रथमेची एकवचने होत. पुढील विभक्तींतही ते नामाबरोबर चालते. उदा., ‘चिमुकल्या मुलाला’ यासाठी ‘पुएरो पार्वुलो’, तर ‘चिमुकल्या मुलीला’ यासाठी ‘पुएल्लाए पार्वुलाए’.

मराठीत सान–सानुला, तान्हा–तान्हुला, लहान–लहानगा, एवढा–एवढासा अशा जोड्या आढळतात. यांतील ‘-उला’ या प्रत्ययाचा संबंध प्राकृत-अपभ्रंशातील ‘उल्ल’ या स्वार्थी प्रत्ययाशी जोडला जातो. लॅटिन ‘-उलुस’शी त्याचे ध्वनिसाम्य लक्षणीय असले, तरी तेवढ्यावरून दोहोंचे मूळ एक ठरत नाही. विशेष असे, की ‘लहान’ व ‘सान’ ही विशेषणे अविकारी असून लघुत्वदर्शक प्रत्यय लागताच ती विकारी होतात : लहान मुलगा, लहान मुलगी, परंतु लहानगा मुलगा, लहानगी मुलगी, लहानगे मूल. नामाला विभक्तिप्रत्यय लागला, की विशेषणाचा लिंगभेद मावळतो आणि चिमुकल्या मुलाला, मुलीला, घराला असे एकच सामान्यरूप उरते. विशेषण नामासारखे योजल्यास मात्र तो भेद परत येतो (चिमुकल्याला, चिमुकलीला). लॅटिनमध्येही ‘पार्वुलुस’ हा शब्द ‘बालक’ या अर्थी नाम म्हणून येतो. लघुत्व नेहमीच कौतुकाचे असते असे नाही. ‘एवढासा पगार’ यात तक्रारच आहे.

‘धाकटा’ हे विशेषण या गटात घालण्याचा मोह होतो. पण ते आकार किंवा वय सांगत नाही, भावंडांतील क्रम सांगते. सध्याच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी १६०८ मध्ये जन्मलेले समर्थ रामदास हे सूर्याजीपंत ठोसर यांचे धाकटे पुत्र. त्यांचे थोरले बंधू गंगाधरपंत ‘श्रेष्ठ’ या नावाने ओळखले जात. बालपणी समर्थांना चिमुकले म्हणता येईल, वृद्धपणी नव्हे. धाकटे मात्र ते अखेरपर्यंत होते. ‘धाकटे’ हे येथील रूप आदरार्थी बहुवचनाचे आहे. या नात्यासाठी लॅटिनमध्ये ‘पार्वुलुस’ न वापरता ‘मिनोर नातू’ (जन्माने लहान) असा तुलनावाचक प्रयोग करतात.