विमानात बसण्याआधीचा अभ्यास

दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी तास संपल्यावर मागे थांबते आणि विचारते, "सर, वैमानिक व्हायचे असेल तर कोणती पुस्तके आणावीत?" प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज जरा दबलेला असतो. आपण मारेगावचे, येथून जवळचा मोठा विमानतळ नागपूरचा, सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरवर. विमान पाहायचे ते आकाशात पांढरी रेघ ओढीत जाताना. मग हा विचार आपल्याला शोभतो का, अशी शंका मनात असते.

विमान उडविण्याचे शिक्षण फार महाग आहे, हे आधीच सांगून टाकू. उड्डाणाच्या प्रत्येक तासाला हजारो रुपये मोजावे लागतात आणि एकूण खर्च कित्येक लाखांत जातो. परंतु या शिक्षणाचा एक मोठा भाग जमिनीवर, टेबलापाशी बसून करावयाचा असतो. त्याला 'ग्राउंड स्टडी' म्हणतात. तो मारेगावात बसून करता येतो आणि त्याची निम्मी पुस्तके आजच तुमच्या दप्तरात आहेत. ती कशी, ते पाहू या.

परीक्षा कशाची असते?

आपल्या देशात वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना वयाच्या १६ व्या वर्षी, खासगी वैमानिकाचा १७ व्या वर्षी आणि व्यावसायिक वैमानिकाचा १८ व्या वर्षी मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्याखेरीज लेखी परीक्षा द्याव्या लागतात. त्यांचे विषय असे : मार्गनिर्देशन (नेव्हिगेशन), विमानोपयोगी हवामानशास्त्र, हवाई नियम, आणि विमान व इंजिन यांचे तांत्रिक ज्ञान. उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण हवेत. विमानातील रेडिओवरून बोलण्याचा परवाना वेगळाच घ्यावा लागतो.

व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय मागितले जात आले आहेत. ही अट उद्या सैल झाली, तरी ते दोन विषय काही टळणार नाहीत. वरची यादी पुन्हा वाचा. मार्गनिर्देशन म्हणजे त्रिकोणमिती आणि सदिश. हवामानशास्त्र म्हणजे भूगोल आणि वायूंचे नियम. तांत्रिक ज्ञान म्हणजे बल, दाब, उष्णता आणि वीज. खऱ्या अर्थाने नवा विषय एकच, तो हवाई नियमांचा.

वर्धा नदीचा नावाडी

अकरावीच्या पुस्तकातील नावाड्याचे उदाहरण तुम्हाला आठवत असेल. वर्धा नदीला पाणी आहे आणि नावाड्याला समोरच्याच घाटावर उतरायचे आहे. त्याने नाव सरळ समोर रोखली, तर प्रवाह त्याला खाली वाहून नेईल. म्हणून तो नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला थोडे वळवून ठेवतो. वैमानिकही हेच करतो. फक्त पाण्याच्या जागी वारा असतो.

कल्पना करा की मारेगाववरून एक लहान विमान नागपूरला निघाले आहे. सोयीसाठी नागपूर बरोबर उत्तरेला आहे असे धरू. अंतर ११० किलोमीटर, म्हणजे सुमारे ६० सागरी मैल. (पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाच्या ६० कला केल्या, की एका कलेला १.८५२ किलोमीटर येतात. हाच सागरी मैल. ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.) विमानाचा हवेतील वेग ९० नॉट आहे आणि पश्चिमेचा वारा २० नॉट वेगाने वाहत आहे.

वैमानिकाने वाऱ्याकडे दुर्लक्ष करून तोंड उत्तरेलाच ठेवले, तर ४० मिनिटांनी तो नागपूरच्या अक्षांशावर येईल खरा. पण तेवढ्या वेळात वाऱ्याने त्याला सुमारे १३ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ २५ किलोमीटर, पूर्वेला ढकललेले असेल. खाली नागपूर नसेल!

आता सदिशांचा त्रिकोण काढा. विमानाचे तोंड पश्चिमेकडे किती वळवावे? त्या कोनाची ज्या २० भागिले ९०, म्हणजे ०.२२. तक्त्यात पाहिले तर कोन सुमारे १३ अंश. उत्तर म्हणजे ३६० अंश. त्यातून १३ वजा केले की ३४७ अंश. जमिनीवरचा वेग पायथागोरसच्या प्रमेयाने सुमारे ८८ नॉट येतो आणि प्रवासाला ४१ मिनिटे लागतात. यात अकरावीच्या बाहेरचे काय आहे?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. त्यांच्या लहानशा पस मॉथ विमानात रेडिओदेखील नव्हता. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि हा त्रिकोण, एवढ्यावर मार्ग काढावयाचा होता. आज विमानात उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रे असतात. परंतु यंत्राने सांगितलेला आकडा शक्य कोटीतला आहे की नाही, हे ज्याला त्रिकोण येतो त्यालाच कळते.

मे महिन्यातील नागपूर

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भाच्या उन्हाचे. नागपूर विमानतळाची समुद्रसपाटीपासून उंची १,०३३ फूट आहे. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस आणि दर हजार फुटांना सुमारे २ अंश कमी, असे 'प्रमाण वातावरण' वैमानिक हिशेबासाठी धरतात. त्यानुसार नागपूरला १३ अंश तापमान असावयास हवे. मे महिन्यातील दुपारी ते ४५ अंश असते! दाब तोच राहिला तर वायूची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे तुम्ही शिकला आहात. २८६ भागिले ३१८ म्हणजे ०.९०. हवा एकदशांशाने विरळ झाली.

विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि पंख्याची ओढही कमी होते. एकाच वेळी तिन्ही बाजूंनी नुकसान! तापमान प्रमाणापेक्षा १ अंशाने वाढले की विमान सुमारे १२० फूट अधिक उंचीवर असल्यासारखे वागते. येथे फरक ३२ अंशांचा आहे; म्हणून १,०३३ अधिक ३,८४० म्हणजे जवळजवळ ४,९०० फूट. महाबळेश्वरची उंची सुमारे ४,४०० फूट आहे. थोडक्यात, नागपूरच्या सपाट जमिनीवर उभे असलेले विमान उन्हाळ्यातील दुपारी महाबळेश्वरपेक्षाही उंच जागेवरून निघाल्यासारखे धावते. त्याला धावपट्टी जास्त लागते आणि वर चढण्याचा वेग मंदावतो. धावपट्टी आखूड असेल आणि हा हिशेब कोणी केला नसेल, तर काय होईल ते सांगावयास नको.

पुस्तके कशी निवडावीत?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुस्तके निवडताना एक कसोटी लावा : यातील मजकूर किती लवकर जुना होतो?

भौतिकशास्त्र लवकर जुने होत नाही. उचल, दाब, वाऱ्याचा त्रिकोण, ढगांचे प्रकार यांवरचे २० वर्षांपूर्वीचे वापरलेले पुस्तक निम्म्या किमतीत मिळाले, तर खुशाल घ्या. हवामानासाठी आपल्याकडे आय. सी. जोशी यांचे 'एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी' वापरले जाते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे 'पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज' हे जाडजूड सचित्र पुस्तक तर विनामूल्य मिळते. विमान का उडते आणि त्यातील यंत्रे कशी चालतात, हे समजण्यास ते उत्तम आहे.

मात्र नियमांचे पुस्तक जुने किंवा परदेशी कधीही घेऊ नका. अमेरिकेतील नियम अमेरिकेत चालतात. आपल्याकडेही १९३४ चा विमान अधिनियम जाऊन त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. मागच्या पिढीचे नियमांचे पुस्तक कोणी प्रेमाने दिले, तरी परीक्षेसाठी त्यावर विसंबू नये. ताजी आवृत्ती घ्या आणि महासंचालनालयाच्या परिपत्रकांशी ती ताडून पाहा.

परदेशी पुस्तकात एककांचीही अडचण असते. वायुदाब अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत सांगतात, आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये. तुम्ही शिकलेले पाऱ्याचे ७६ सेंटिमीटर, २९.९२ इंच आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल हे तिन्ही एकच. विमानातील उंचीमापक हा वस्तुतः निर्द्रव वायुदाबमापकच आहे. त्यावर लावलेला दाब प्रत्यक्षापेक्षा १० हेक्टोपास्कलने जास्त राहिला, तर उंची सुमारे ३०० फुटांनी जास्त दिसते. कुतुबमिनार २४० फुटांच्याही आत आहे, हे लक्षात घ्या.

प्रश्नसंचांविषयी दोन शब्द. ते बाजारात पुष्कळ आहेत आणि काही विद्यार्थी तेवढेच पाठ करून परीक्षेस बसतात. प्रश्नसंच जरूर वापरावा, पण धडा समजून झाल्यावर. आपले काय चुकते ते शोधण्यासाठी. चुकलेले प्रत्येक उदाहरण वेगळ्या वहीत कारणासह उतरवा. प्रत्येक विषयाला एक मुख्य पुस्तक आणि एक प्रश्नसंच पुरेसा आहे. दहा पुस्तके जमविली की दहांची पहिली प्रकरणे तेवढी वाचून होतात.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी मनात न्यूनगंड बाळगू नये. परीक्षेसाठी आणि रेडिओवरील संभाषणासाठी इंग्रजी लागते, हे खरे. म्हणून शब्दांची वही करा : समोरचा वारा म्हणजे हेडविंड, पाठीचा टेलविंड, आडवा क्रॉसविंड. आणि गंमत पाहा : 'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा, हे आपण लहानपणापासून जाणतो. विमानशास्त्रातही वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचेच नाव देतात.

वेळापत्रक

अकरावी-बारावीत वेगळा अभ्यास करू नका. भौतिकशास्त्र, गणित आणि भूगोल एवढे पक्के करा, की पुढे मागे वळून पाहावे लागू नये. याच काळात, पैसे भरण्याच्या आधी, महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. चष्मा असला म्हणून निराश होऊ नका. चष्म्याने दृष्टी पुरेशी सुधारत असेल तर चालते. रंग ओळखण्यातील दोष मात्र अडचणीचा ठरू शकतो. तो शुल्क भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

बारावीनंतर २६ आठवडे धरा. पहिले ६ आठवडे तांत्रिक ज्ञानाला, पुढचे ६ हवामानाला, ८ मार्गनिर्देशनाला, ३ नियमांना आणि शेवटचे ३ उजळणीला. नियम शेवटी का? कारण त्यांत पाठांतर अधिक आहे आणि पाठ केलेले लवकर विसरते. मार्गनिर्देशन हवामानानंतर का? कारण वारा समजल्यावाचून वाऱ्याचा त्रिकोण म्हणजे नुसती आकडेमोड. रोज वाचनाला जितका वेळ द्याल, तितकाच उदाहरणे सोडविण्याला द्या.

मुलींनीही हे सारे आपल्यासाठीच आहे असे समजावे. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या ज्या विमानात सर्व कर्मचारी महिला होत्या, त्याच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या.

हे सोडवून पाहा

शेवटी एक उदाहरण देतो. शिक्षकांनी ते फळ्यावर घ्यावे. तेच ६० सागरी मैल, तेच ९० नॉट वेगाचे विमान. वारा नसेल तर जाऊन येण्यास ८० मिनिटे लागतात. आता उत्तरेचा २० नॉट वारा आहे. जाताना जो वेळ वाया जाईल, तो येताना भरून निघेल का?

बहुतेक जण 'हो' म्हणतील. करून पाहा. जाताना वेग ७० नॉट, वेळ ५१ मिनिटे. येताना ११० नॉट, वेळ ३३ मिनिटे. बेरीज ८४! वारा ४५ नॉट झाला तर बेरीज किती होते आणि ८० मिनिटांपुरतेच इंधन घेतलेले विमान इंधन संपताना कोठे असते, हे तुम्ही काढा. ते स्थान नकाशावर पेन्सिलीने दाखवा आणि त्या जागी उतरण्याजोगी जमीन आहे का, तेही पाहा.