मिरचीचे मोड, मटकीचे मोड

मटकीला मोड आणण्याची रीत आपल्या घरांना नवी नाही. कडधान्य रात्रभर भिजवावे, उपसून फडक्यात बांधावे, उबेला ठेवावे. एक-दोन दिवसांत मोड हजर. गच्चीवर मिरची लावणाऱ्यांनाही हीच रीत उपयोगी पडते. मात्र ही दोन फडकी एका ओट्यावर ठेवू नयेत, एवढे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी एक आजी तीन वर्षांच्या नातवाला घेऊन धापा टाकीत दवाखान्यात आल्या. मटकीशेजारच्या पुरचुंडीतील गुलाबी बिया त्याने तोंडात टाकल्या होत्या. सुदैवाने बहुतेक त्याने थुंकल्या. त्याला काही झाले नाही. ‘‘डॉक्टर, मी तर मोडच काढत होते हो!’’ म्हणताना आजींचे हात थरथरत होते.

पाकिटातील बियांचा गुलाबी, निळा वा हिरवा रंग सहसा त्यांवर औषध चोळल्याची खूण असतो. थायरम, कॅप्टान यांसारखी बुरशीनाशके बियाण्याला लावतात. ती रोपाचे रक्षण करतात. माणसाच्या पोटासाठी ती नव्हेत. म्हणून अशा बियांसाठी वाटी, फडके, डबा वेगळा ठेवावा आणि तो पुन्हा स्वयंपाकात आणू नये. बिया हातमोजे घालून हाताळाव्यात, नंतर हात साबणाने धुवावेत. मुलाने बी तोंडात घातलेच, तर तोंडातील बिया काढून चूळ भरण्यास सांगावे. उलटी करवू नये. पाकीट सोबत घेऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे.

आता कृती. ओला करून पिळलेला कागदी रुमाल झाकणाच्या डब्यात अंथरावा, त्यावर बिया सुट्या पसराव्यात, वर दुसरा ओला रुमाल घालावा. रुमाल दमट असावा. पाणी साचले की बी कुजते. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मिरचीला मानवते. रोज झाकण उघडून हवा द्यावी. मटकीची घाई येथे चालत नाही. आठ-दहा दिवस, थंडीत त्याहूनही अधिक लागतात. दोन-तीन मिलिमीटर मूळ दिसताच बी अलगद उचलून, मुळाला धक्का न लावता, भुसभुशीत मातीत अर्धा सेंटिमीटर खोल लावावे. चार-सहा पाने आली की रोप मोठ्या कुंडीत हलवावे. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी मात्र साचू देऊ नये. डेंग्यूचा डास तेथेच अंडी घालतो.

घरच्या सुक्या मिरचीतील बियांना औषधाचे भय नाही, तिखटाचे आहे. तो जाळ मुख्यतः बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असतो आणि पाण्यात विरघळत नाही. हाताची आग झाल्यास आधी तेल चोळून मग साबण लावावा. डोळ्यात गेल्यास मात्र तेल वा दूध नको. स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा. आग थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

त्या आजींनी बी लावणे सोडले नाही. पुरचुंडी तेवढी ओट्यावरून उंच फळीवर गेली, आणि पुढे आमच्या घरी ओंजळभर हिरव्या मिरच्या आल्या. वाचकहो, नातवंडांना अंकुर अवश्य दाखवा. फक्त त्यांच्या हाताला डबा लागू देऊ नका.