जुन्या घरावर सोलर बसवायचंय? आधी कोब्याखाली काय आहे ते बघा

‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली आणि गच्चीवर सोलर बसवण्याची चौकशी गल्लोगल्ली सुरू झाली. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये, असं केंद्राचं अनुदान आहे. नव्या घरात मुख्य प्रश्न सावलीचा असतो. ३०-४० वर्षं जुन्या घरात मात्र पॅनलच्या वरच्या उन्हाआधी खालच्या छपराकडे बघावं लागतं.

गच्चीवर नेमके किती थर असतात?

जुन्या गच्चीत सगळ्यात खाली आरसीसी स्लॅब असतो. त्यावर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा. हा पाण्याला उतार देतो आणि गळती अडवतो. काही वर्षांनी गळती सुरू झाली की बरेच जण जुना कोबा न काढता त्यावरच चायना चिप्स, डांबरी शीट किंवा दुसरा कोबा घालतात. तेही पुरलं नाही तर वर पत्र्याची शेड उभी राहते. असे थरावर थर चढत जातात आणि खालचा स्लॅब वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेस पडत नाही.

पॅनलचं वजन झेपेल का?

सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारला जातो. ३ किलोवॅटसाठी साधारण सहा मोठी पॅनल लागतात. एकाचं वजन २८ किलोच्या आसपास असतं. लोखंडी सांगाडा धरून हा भार चौरस मीटरला १५ ते २० किलो होतो. याउलट चार इंच जाडीचा कोबा चौरस मीटरला १८० ते २०० किलो भरतो.

म्हणजे पॅनलचा भार कोब्याच्या एक दशांश. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा वापराचा भार धरतात. जुन्यावर दुसरा कोबा घातला असेल, तर त्या एका थरानेच त्याहून जास्त ओझं वाढवलेलं असतं. त्यामुळे ‘पॅनल हलकी आहेत’ हे खरं असलं, तरी तेवढ्यावर निर्णय घेता येत नाही.

मग खरा धोका कशाचा?

पहिला धोका वाऱ्याचा. तिरकं लावलेलं पॅनल शिडासारखं वारा धरतं आणि वर उचललं जातं. बांधकामाच्या मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर धरला आहे. गच्ची वापरता यावी म्हणून सांगाडा आठ-दहा फूट उंच केला, तर पायांवरचा ताण आणखी वाढतो.

दुसरा धोका बोल्टचा. कोबा म्हणजे विटांचे तुकडे. त्यात ठोकलेला बोल्ट वाऱ्याच्या ओढीला टिकेल याची खात्री नसते. बोल्ट स्लॅबपर्यंत नेला तर वॉटरप्रूफिंगला भोक पडतं. पाणी कोब्यात मुरतं, स्लॅबच्या सळया गंजतात आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या छताचे पोपडे पडू लागतात.

योग्य पद्धत कोणती?

आधी स्लॅब खालून तपासावा. भेगा, गंजाचे डाग, सुटलेलं प्लास्टर किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज दिसला, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून दुरुस्ती करावी आणि मगच सोलरचा विचार करावा.

स्लॅब चांगला असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, पाय येतील तेवढ्याच जागी कोबा काढून स्लॅबला पक्के बांधलेले काँक्रीटचे ठोकळे घालणं आणि त्यांच्याभोवती पुन्हा वॉटरप्रूफिंग करणं. दुसरा, भोक न पाडता जड ठोकळ्यांवर सांगाडा उभा करणं. यात ठोकळ्यांचं वजन वाढतं, म्हणून ते भिंती किंवा बीमच्या वर यावे लागतात. खाली रबरी पट्टी हवी आणि पाणी जायची वाट मोकळी राहायला हवी.

पत्रा आणि कौलांचं काय?

पत्र्याच्या शेडवर पॅनलचा आधार खालच्या लोखंडी पट्ट्यांना जोडलेला हवा, नुसत्या पत्र्याला नाही. शेडचे खांब गच्चीत कसे रोवले आहेत तेही बघावं, कारण बऱ्याच शेड फक्त पाऊस अडवायला उभारलेल्या असतात. सिमेंटचे जुने पत्रे ठिसूळ असतात, त्यावर पाय देणंही धोक्याचं. कौलारू घरात भार कौलांवर न येता हुकांमधून वाशांवर यायला हवा. वासे वाळवीने पोखरले असतील तर ते आधी बदलावे लागतात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि रत्नागिरीत असंख्य घरांची कौलं आणि पत्रे उडाले होते. किनाऱ्यावर ही तपासणी टाळून चालत नाही.

आधी दुरुस्ती, मग सोलर असं का?

पॅनल साधारण २५ वर्षं चालतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांत दुरुस्तीला येतं. थकलेल्या गच्चीवर सोलर बसवलं, तर काही वर्षांत सगळा सांगाडा उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च येतो आणि तेवढे दिवस वीजही बंद. अनुदान यंत्रणेच्या क्षमतेवर मिळतं, गच्चीच्या दुरुस्तीवर नाही. हा खर्च सुरुवातीच्याच हिशेबात धरावा.

करार करण्याआधी पुरवठादाराकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: पाय कोणत्या थरात बसणार, सांगाडा वाऱ्याच्या किती वेगासाठी बनवला आहे आणि बसवल्यानंतर गळती झाली तर दुरुस्ती कोण करणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून द्यायला पुरवठादार तयार नसेल, तर दुसरा पुरवठादार शोधणं स्वस्त पडतं.