खुर्चीतून उठताना

तरुण मुलगा व्यायामशाळेत आला की आधी आरशापाशी जातो. पासष्टीचा, नव्वद किलो वजनाचा माणूस आला की आधी बसायला जागा शोधतो. गेली बारा-तेरा वर्षं मी या दुसऱ्या मंडळींना वजनं उचलायला शिकवतो आहे, आणि आमचा पहिला धडा त्या बसण्याच्या जागेवरच, म्हणजे साध्या खुर्चीवर होतो.

हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. मी तालमीत वाढलेला. जोर आणि बैठका हाच व्यायामाचा श्रीगणेशा, हे डोक्यात पक्कं. एका निवृत्त गृहस्थांना मी पहिल्याच दिवशी वीस बैठका घालायला लावल्या. त्यांनी भिडेपोटी घातल्या. पुढचे तीन दिवस त्यांना जिना उतरवेना. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन आला, "हे आता येणार नाहीत." आणि ते आले नाहीतच.

चूक माझ्या हिशेबात होती. नुसती बैठक म्हणजे बिनवजनाचा व्यायाम, असं आपण धरून चालतो. पण नव्वद किलोचा माणूस खालून वर उठतो, तेव्हा पोटऱ्या आणि पावलं सोडली तर उरलेलं सगळं अंग तो उचलतच असतो. सडपातळ मुलाच्या खांद्यावर तीस किलोचं पोतं ठेवावं, तसंच हे. म्हणून आता मी आधी ओझं कमी करतो. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या की उठण्याचं अंतर घटतं. तरीही जड गेलं तर खिडकीचा गज धरायचा. आठ-दहा वेळा सहज जमू लागलं की एक उशी काढायची. लोखंडाला हात बऱ्याच नंतर.

आता तंत्र. "पाठ ताठ ठेवा" म्हटलं की लोक शिपायासारखे उभे ताठ बसतात, आणि मग काही केल्या उठता येत नाही. ताठ म्हणजे उभी नव्हे. उठायचं तर अंगाचा भार पावलांवर यायला हवा. त्यासाठी टाचा गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायच्या आणि नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं. वाकायचं ते खुब्यातून, पाठीतून नाही. हे समजावं म्हणून मी पाठीला उभी काठी लावतो. ती डोकं, पाठ आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. पोट मोठं असेल तर झुकताना ते मांड्यांना अडतं. तिथे पाय थोडे फाकवून चवडे बाहेर वळवले की पोटाला जागा मिळते. पुस्तकातल्या चित्रात हे नसतं, कारण चित्रातल्या माणसाला पोटच नसतं!

जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो. "श्वास सोडा" हे कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी मोठ्याने आकडे मोजायला लावतो. डॉक्टरांना विचारून यायचं, हे तर आहेच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही. तेव्हा नाडीपेक्षा बोलताना धाप लागते का, ते बघावं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावं. मांड्या दुखल्या तर चालेल, सांध्यात कळ आली तर थांबायचं.

"या वयात काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांना मी बोस्टनचा प्रयोग सांगतो. 1990 साली तिथे नव्वदीतल्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली होती. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या सल्ल्यातही आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंचा व्यायाम आहेच. वजनकाट्यावर मात्र पहिले काही महिने फारसा फरक दिसत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

मागे एक काकू आल्या होत्या. एकट्या राहणाऱ्या. रात्री न्हाणीघराबाहेर घसरल्या. कुठे मोडलं नाही, पण उठता येईना. सकाळी दूधवाला येईपर्यंत तशाच फरशीवर. म्हणाल्या, "मला बारीक व्हायचं नाही. जमिनीवरून उठायला शिकव."

आम्हीही उशांपासूनच सुरुवात केली. मग खुर्ची, मग पाट, मग सतरंजी. कुशीवर वळायचं, चार पायांवर यायचं, खुर्चीवर हात टेकून एक पाऊल पुढे रोवायचं आणि उठायचं. गुडघ्याखाली घडी केलेलं ब्लँकेट. पाच महिने लागले. एका सकाळी त्या मोठ्याने आकडे मोजत खुर्चीला हात न लावता उभ्या राहिल्या. मी काही बोलणार, तोच परत खाली बसल्या.

"थांब रे," म्हणाल्या, "पुन्हा एकदा बघते."