चिनी लिपी

चिनी भाषा लिहिण्यासाठी वापरली जाणारी प्राचीन लिपी. तिचे सर्वांत जुने निश्चित नमुने शांग वंशाच्या काळातील (इ. स. पू. सु. १२००) असून ते आन्यांग येथे सापडलेल्या कासवांच्या कवचांवर व गुरांच्या हाडांवर कोरलेले आहेत.

ही चित्रलिपी होय, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. देवनागरी अक्षर केवळ उच्चार दर्शविते; चिनी चिन्ह सामान्यतः एकाक्षरी उच्चार व त्याच्याशी निगडित अर्थ असे दोन्ही दर्शविते. आधुनिक भाषेतील पुष्कळ शब्द दोन चिन्हांचे असतात, उदा., ‘वीज’ व ‘मेंदू’ या अर्थांची चिन्हे मिळून ‘संगणक’ हा शब्द होतो. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची प्रथा नाही.

इ. स. सु. १०० मध्ये शू शन याने रचलेल्या कोशात ९,३५३ चिन्हांची ५४० वर्गांत मांडणी आहे. रचनेच्या दृष्टीने चिन्हांचे मुख्य प्रकार चार : (१) वस्तूच्या आकृतीवरून आलेली, उदा., सूर्य, झाड. (२) कल्पना सुचविणारी, उदा., आडव्या रेघेच्या वरील वा खालील खुणेने ‘वर’ व ‘खाली’. (३) अर्थांच्या संयोगाने बनलेली, उदा., दोन झाडे म्हणजे ‘वन’. (४) अर्थदर्शक व ध्वनिदर्शक अशा दोन घटकांची. यांपैकी चौथ्या प्रकारातील चिन्हे बहुसंख्य आहेत.

‘छिंग’ असा उच्चार असलेल्या एका चिन्हाला ‘पाणी’ हा घटक जोडला, की ‘स्वच्छ’, ‘सूर्य’ जोडला, की ‘निरभ्र’, ‘हृदय’ जोडला, की ‘भावना’ व ‘वाणी’ जोडला, की ‘विनंती’ असा अर्थ होतो. या चारही चिन्हांचा उच्चार ‘छिंग’ असाच असून फरक केवळ सुरांचा असतो. मात्र ‘डोळा’ हा घटक जोडल्यास ‘चिंग’ (बुबुळ) असा उच्चार होतो. ध्वनिघटक प्राचीन उच्चारांवर आधारलेले असून पुढे उच्चार बदलले. त्यामुळे ते सूचक असले, तरी निर्णायक नसतात. प्रमाण चिनीत सूर वगळता सु. ४०० च भिन्न अक्षरोच्चार असल्याने समोच्चारी शब्द विपुल आहेत. अर्थघटकाची उपयुक्तता त्यामुळेच वाढते.

खांगशी कोशात (१७१६) २१४ वर्गदर्शक घटक योजलेले आहेत. कोशात चिन्ह शोधताना आधी हा घटक व नंतर उरलेल्या रेघांची संख्या पाहतात. रेघांचा क्रम ठरलेला असून तो साधारणतः वरून खाली व डावीकडून उजवीकडे असतो. प्रत्येक चिन्ह, त्यात कितीही रेघा असल्या, तरी सारख्याच चौकोनात बसवितात.

साक्षरताप्रसारासाठी चीनमध्ये १९५६ पासून चिन्हांचे सुलभीकरण करण्यात आले. तैवान व हाँगकाँगमध्ये पारंपरिक रूपेच प्रचलित आहेत. १९५८ मध्ये स्वीकारलेली पिनयिन ही रोमन लेखनपद्धती उच्चार शिकण्यास साहाय्यभूत ठरते. २०१३ च्या अधिकृत यादीत ८,१०५ चिन्हे असून त्यांपैकी ३,५०० प्राथमिक स्तरावरील आहेत. ही सर्व स्वतंत्र चित्रे मानून पाठ करणे दुष्कर आहे; परंतु काही शे घटक ओळखता आल्यास नवे चिन्ह बहुधा परिचित भागांचीच जुळणी असल्याचे दिसून येते व अध्ययन पुष्कळ सुकर होते.