आगवाल्याचं लॅटिन गणगोत

कुळगावात एप्रिल-मे म्हणजे सत्त्वपरीक्षा. समुद्राचा वारा इथवर पोचेपर्यंत दमून जातो. भर दुपारी बदलापूर स्टेशनात लोकलमधून उतरलं की तोंडून पहिला शब्द निघतो, "काय उकडतंय!" या उकाड्यानंच मला वीस वर्षांपूर्वी एका परक्या शब्दाचा नाद लावला. 'कालोर', म्हणजे लॅटिनमधली उष्णता.

वंशावळ उरकून टाकतो. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'कालोर', इटालियनमध्ये 'कालोरे', फ्रेंचमध्ये 'शालर'. लॅटिनमधला 'तो' फ्रेंचमध्ये 'ती' झाला. आपल्याकडे तरी कुठं एकमत आहे? तो उकाडा, ती गरमी, ते ऊन! वजनकाट्यावर उभं राहणाऱ्यांना धाक घालणारी 'कॅलरी'ही याच घरातली.

पण माझा जीव अडकलाय तो 'शोफर'मध्ये. जुन्या कादंबऱ्यांत बंगल्याच्या पोर्चमध्ये टोपी घालून उभा असतो, तोच. लॅटिनमध्ये 'कालेरे' म्हणजे गरम असणं आणि 'कालेफाकेरे' म्हणजे गरम करणं. त्याचं झिजून फ्रेंचमध्ये 'शोफे' झालं, आणि तापवणारा तो 'शोफर'. मुळात हा इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा गडी. पुढे वाफेवरच्या मोटारी आल्या, त्याही आधी तापवाव्या लागत. मग मोटार हाकणाऱ्यालाच ते नाव चिकटलं. भट्टी गेली, नाव राहिलं.

हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. माझे आजोबा भुसावळला 'आगवाले' होते! रेल्वेत फायरमनला हाच शब्द. फावड्यानं कोळसा ओढायचा, वाफेचा दाब सांभाळायचा, आणि घरी यायचं ते भुवयांसकट काळं होऊन. आमच्या गावातून जाणारा कल्याण-खोपोली मार्ग 1856 सालचा, बोरघाट पार झाला 1863 मध्ये. ते सगळं आगवाल्यांच्या दंडावर. साहेबाच्या गाडीतला शोफर आणि माझे आजोबा शब्दकोशात एकाच पायरीवर बसलेले पाहून मला जो आनंद झाला, तो कुणाला सांगून कळायचा नाही.

गोव्यात हा शब्द चक्क ताटात भेटला. मडगावला एका घरी पिवळसर, नारळाच्या रसातलं, बेताच्या तिखटाचं माशाचं कालवण वाढलं. नाव 'काल्दीन'. पोर्तुगीज 'काल्दो' म्हणजे रस्सा, त्याच्यामागे लॅटिन 'काल्दुस', म्हणजे गरम. मी जेवायचं सोडून व्युत्पत्ती सांगत बसलो आणि काल्दीन निवलं. पाव भाजणाऱ्या पोदेराची भट्टी म्हणजे 'फोर्न'. तो शब्द मात्र कालोरच्या कुळातला नव्हे. त्याचं मूळ संस्कृत 'घर्म'शी जुळतं, आणि घर्माचा आपण केला 'घाम'. म्हणजे पोदेराचा फोर्न आणि त्याच्या कपाळावरचा घाम ही चुलत भावंडं!

काही व्युत्पत्तिकार तर कालोरचं नातं आपल्या 'शरद'शी जोडतात. शरदाचं चांदणं आठवलं की हे पटत नाही. कुळगावातला ऑक्टोबर आठवला की लगेच पटतं. परवाच चकल्या तळणाऱ्या बायकोला, स्वयंपाकघराच्या दारात पंख्याखाली उभा राहून, मी हे सगळं रंगवून सांगितलं. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि झारा माझ्यापुढे धरला.

"अहो, मग या इकडे. आज तुम्ही आगवाले."