स्टिअरिंग जड झालंय? नुसतं तेल ओतू नका!

ऑफिसला आधीच उशीर. त्यात पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग जड आणि बॉनेटखालून 'घुंऽऽ' असा आवाज! सेकंडहँड गाडीवाले दोस्तहो, पॉवर स्टिअरिंगचं तेल गळत असेल. (बऱ्याच नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं, तिथे तेलाची भानगडच नाही.)

तेल टाकलं की विषय संपला? छे! गळती तशीच राहिली तर तेल पुन्हा उतरतं, पंप हवा ओढतो आणि शेवटी पंपच जातो. गरम एक्झॉस्टवर तेल ठिबकलं तर पेटूही शकतं.

मग करायचं काय? रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा आणि त्याच्या वरचे पाइप तपासा. क्लिप किंवा रबरी ओ-रिंग गेली असेल तर थोडक्यात भागतं. रॅकचं सील गेलं असेल तर मात्र खिसा बराच हलका होतो. म्हणून मेकॅनिक 'अख्खा रॅकच बदला' म्हणाला, तर आधी 'गळतंय कुठून ते दाखवा' म्हणा.

आणि हो, तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला. काही गाड्यांना एटीएफ चालतं, काहींना अजिबात नाही.